एका मळ्याची कॉफी

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत कॉफी ही पाहुण्यांची, परीक्षेच्या जागरणाची किंवा थंडीतल्या संध्याकाळची गोष्ट आहे. दूध भरपूर, साखर सढळ हाताने आणि वरून किंचित जायफळ उगाळून घातलेले, असा तिचा थाट असतो. अशा पेल्यात कॉफीच्या बियांची स्वतःची चव कितीशी उरते, हे विचारण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. दुकानातून आणलेल्या भुकटीत अनेक जिल्ह्यांतील, शेकडो मळ्यांतील बियांचे मिश्रण असते. पुष्कळदा चिकोरी नावाच्या वनस्पतीची भाजून दळलेली मुळेही तीत असतात. ही काही फसवणूक नव्हे. चिकोरीचे प्रमाण डब्यावर छापावे लागते आणि मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग कॉफीचाच असला पाहिजे, असा नियम आहे. मिश्रण करण्यात कौशल्यही असते. पाऊस कमी पडो की जास्त, यंदाचा डबा गेल्या वर्षीच्या डब्यासारखाच लागला पाहिजे, ही जबाबदारी मिश्रण करणारा पार पाडीत असतो.

अलीकडे मात्र शहरांतील दुकानांत दुसऱ्याच प्रकारची पुडी दिसू लागली आहे. तिच्यावर डोंगराचे आणि कधीकधी एका विशिष्ट मळ्याचेही नाव असते. मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, फळांवर केलेली प्रक्रिया आणि बिया भाजल्याची तारीख, हा तपशीलही छापलेला असतो. किंमत साध्या भुकटीच्या दुप्पट-तिप्पट असते. हे नाव केवळ शोभेचे, की त्यामागे काही वस्तुस्थिती आहे? एका मळ्याची कॉफी शेजारच्या मळ्याच्या कॉफीहून खरोखर निराळी असू शकते काय? आणि असलीच, तर ते निराळेपण मातीत असते, झाडात असते, की माणसाच्या हातांत? कर्नाटकातील चिकमगळूर जिल्ह्यातल्या एखाद्या लहानशा कौटुंबिक मळ्याचा वर्षक्रम बारकाईने पाहिल्यास या प्रश्नांचे उत्तर सापडते.

डोंगर आणि सावली

चिकमगळूरच्या उत्तरेस बाबाबुडनगिरी नावाची डोंगररांग आहे. कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी (सुमारे १,९३० मीटर) याच रांगेत येते. बाबा बुडन नावाचे सूफी फकीर सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना अरबस्तानातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. बियांची संख्या सातच होती की काय, याची शहानिशा आज करता येणार नाही. पण भारतातील कॉफीच्या लागवडीचा आरंभ या परिसरात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कॉफीच्या दोन जाती व्यापारात महत्त्वाच्या आहेत: अरेबिका आणि रोबस्टा. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टा असते; ती सखल भागात, पाचशे ते हजार मीटर उंचीवर चांगली येते, तिच्यात कॅफीनचे प्रमाण अधिक असते आणि ती कडवट लागते. अरेबिका नाजूक आहे. तिला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि आपल्या अक्षांशांत असे तापमान वर्षातील बराच काळ मिळावयाचे तर हजार ते दीड हजार मीटर उंची गाठावी लागते. दर हजार मीटर चढल्यावर हवा सरासरीने सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, हा भूगोलातील नियम येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. थंड हवेत फळ सावकाश पिकते. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आठ-नऊ महिने लागतात, आणि या दीर्घ काळात बियांमध्ये शर्करा व इतर द्रव्ये साठत राहतात. पुडीवर मळ्याची उंची छापतात ती याच कारणासाठी. उंची म्हणजे चव नव्हे. पण चव घडण्यास जो वेळ लागतो, तो उंचीमुळे मिळतो.

भारतातील कॉफीचे मळे उघड्या उन्हात नसतात, ही गोष्ट परदेशी पाहुण्यांच्या प्रथम नजरेत भरते. ब्राझीलमध्ये मैलोन्‌मैल उन्हात उभ्या असलेल्या कॉफीच्या रांगा दिसतात. मलनाडात, म्हणजे पश्चिम घाटाच्या या पावसाळी पट्ट्यात, मळ्यात शिरले की अरण्यात आल्याचा भास होतो. खाली पुरुषभर उंचीची छाटलेली कॉफीची झुडुपे, त्यांच्यावर पांगाऱ्याची विरळ सावली, आणि तिच्याही वर सिल्व्हर ओक, फणस, शिसव, उंबर-वडाच्या कुळातील झाडे. सिल्व्हर ओकच्या सरळ खोडांवर मिरीचे वेल चढविलेले असतात. कॉफीचा भाव पडलेल्या वर्षी अनेक कुटुंबांचा संसार या मिरीवर तरतो.

ही सावली केवळ झाडास थंडावा मिळावा म्हणून ठेवलेली नाही. अरेबिकाचा या भागातील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याची मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते आणि त्यासाठी तिला उन्हात तापलेले खोड अधिक पसंत पडते. अळी आत शिरून लाकूड पोखरते. पाने पिवळी पडतात आणि झाड उपटून जाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सावली विरळ झालेल्या कोपऱ्यात किडा आधी दिसतो, हे मळेवाल्यांस अनुभवाने ठाऊक असते. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या किड्याच्या उडण्याच्या दोन हंगामांपूर्वी खोडांची सुटी साल घासून काढतात, चुन्याचे पाणी फवारतात आणि एकेक झाड तपासतात. दुसरा शत्रू तांबेरा ही पानांवरील बुरशी. श्रीलंकेत ती १८६९ मध्ये प्रथम नोंदली गेली आणि पुढील दोन दशकांत तेथील कॉफीची लागवड तिने जवळजवळ संपविली. मळेवाल्यांनी त्याच जमिनीत चहा लावला. आज जग ज्या चहास श्रीलंकेचा चहा म्हणून ओळखते, त्याच्या प्रसारास या बुरशीचा मोठाच हातभार लागला.

तांबेऱ्यास तोंड देऊ शकतील अशा जाती तयार करण्याचे काम चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथील संशोधन केंद्रात १९२५ पासून चालत आले आहे. तेथील ‘एस. ७९५’ ही जात १९४० च्या दशकात मळ्यांस मिळाली, आणि तिची झाडे आजही या डोंगरांत मोठ्या संख्येने आहेत. तिच्या पूर्वजांत अरेबिकाबरोबर लायबेरिका या आफ्रिकी जातीचाही अंश आहे. त्यामुळे एकाच डोंगरावर, एकाच उंचीवर असलेल्या दोन मळ्यांत जात निराळी असेल, तर चवीतील भेदास तेथूनच सुरुवात होते.

फुलांचा पाऊस

समजा, आपला मळा पाच एकरांचा आहे. हा आकडा लहान वाटेल. पण भारतातील कॉफी उत्पादकांपैकी शंभरांतील अठ्ठ्याण्णव जण दहा हेक्टरांहून कमी जमिनीचे धनी आहेत, आणि त्यांतील पुष्कळांजवळ पाच एकरही नाहीत. सहा-सात फुटांच्या अंतराने झाडे लावल्यास एकरी सुमारे हजार, म्हणजे एकूण पाच हजार झाडे होतात.

जानेवारीअखेर तोडणी संपते आणि झाडे काही काळ पाण्याविना सोडलेली असतात. फांद्यांच्या पेऱ्यांवर कळ्या धरलेल्या असतात, पण त्या निद्रिस्त असतात. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर, साधारण २५ ते ४० मिलिमीटर, पडली की आठ-दहा दिवसांत सारा मळा एकाच वेळी पांढऱ्या फुलांनी भरून जातो. सुगंध मोगऱ्याच्या जवळचा असतो. तीन-चार दिवसांत फुले कोमेजतात. या पावसास मळेवाले ‘फुलांचा पाऊस’ म्हणतात, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या दुसऱ्या सरीस तितकेच महत्त्व असते. ती न आल्यास धरलेली फळे गळतात. पाऊस चुकला आणि मळ्यात तळे किंवा विहीर नसली, तर वर्षाच्या आरंभीच वर्ष बुडाले असे समजावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. एकच दमदार सर आली तर सर्व फुले एकदम येतात व फळेही जवळजवळ एकदम पिकतात. पाऊस तुटक आला तर फुलांच्या दोन-तीन लाटा येतात, आणि डिसेंबरमध्ये एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल व काळपट झालेली फळे शेजारी शेजारी दिसतात. गेल्या काही वर्षांत पावसाचे वेळापत्रक अधिकाधिक बेभरवशाचे झाल्याची तक्रार मलनाडात सर्वत्र ऐकू येते, आणि या तक्रारीचा परिणाम थेट पेल्यापर्यंत पोहोचतो. कसा, ते पुढे तोडणीत कळते.

तोडणीचा हिशेब

पिकलेल्या फळास व्यापारात ‘चेरी’ म्हणतात. ते बोराहून लहान, गडद लाल असते. साल सोलली की आत चिकट, गोडसर बुळबुळीत थर लागतो. त्याखाली टणक, कागदासारखे आवरण असते. त्यास ‘पार्चमेंट’ हे नाव रूढ आहे. त्याच्या आत रुपेरी पापुद्र्यात गुंडाळलेल्या दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींस टेकून बसलेल्या असतात. क्वचित एकच गोल बी भरते. तिला ‘पीबेरी’ म्हणतात व ती वेगळी विकली जाते.

पाच-सहा किलो फळांतून एक किलो स्वच्छ कच्ची कॉफी मिळते. भारतात अरेबिकाचे उत्पन्न हेक्टरी सरासरी चारशे ते पाचशे किलोंच्या आसपास असते. म्हणजे आपल्या पाच एकरांतून नऊशे किलो धरू. पाच हजार झाडांनी भागल्यास झाडामागे १८० ग्रॅम येतात. भाजताना वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते, तेव्हा उरले दीडशे ग्रॅम. एका पेल्यास दहा ग्रॅम पूड लागते असे मानल्यास, एका झाडाची वर्षभराची सारी मेहनत पंधरा पेल्यांत संपते.

हे लक्षात घेतले म्हणजे तोडणीतला पेच समजतो. पूर्ण पिकलेली फळेच हवी असतील तर प्रत्येक झाडापाशी चार-पाच वेळा जावे लागते; दर वेळी लाल फळे तेवढी बोटांनी खुडावयाची आणि हिरवी मागे ठेवावयाची. फांदी मुठीत धरून एकदाच ओरबाडली तर मजुरीचा खर्च निम्म्याहूनही खाली येतो, पण टोपलीत कच्ची फळे येतात. कच्च्या बीमध्ये शर्करा पुरेशी भरलेली नसते. भाजताना बीला तपकिरी रंग आणि सुगंध येतो तो बव्हंशी शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील रासायनिक क्रियांमुळे. शर्कराच नसेल तर बी फिकट राहते आणि पेल्यात भुईमुगाच्या टरफलासारखी, कागदासारखी चव उतरते. भाजलेल्या कॉफीच्या मूठभर बिया पांढऱ्या कागदावर पसरून पाहाव्यात. त्यांत फिकट पिवळसर अशा एक-दोन दिसल्या, तर कोणत्या तरी मळ्यात कोणा तरी घाईने त्या खुडल्या होत्या, असे खुशाल समजावे.

‘कौटुंबिक मळा’ या शब्दाने मात्र एक गैरसमज होऊ नये. तोडणीच्या दिवसांत घरची माणसे पुरत नाहीत. कर्नाटकच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आणि अलीकडे फार दूरच्या राज्यांतूनही मजूर येतात; खुडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. मजुरी बहुधा किलोवर मोजली जाते, आणि वजनावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीने हिरवे फळ सोडून द्यावे, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे तिने आपल्या खिशातून मळ्याची कीर्ती वाढवावी असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून ज्यांना चांगला माल हवा असतो, ते लाल फळांसाठी किलोमागे अधिक दर देतात किंवा रोजाने मजुरी ठरवितात. पुडीवर मळेवाल्याचे नाव छापतात. चवीचा पहिला निवाडा ज्या बोटांनी केला, त्यांचे नाव कोठेही नसते.

हौद आणि खळे

खुडलेली फळे त्याच दिवशी संध्याकाळी पल्पर या यंत्रातून काढावी लागतात. रात्रभर ढीग तसाच राहिला तर आतून तापू लागतो. प्रथम ती पाण्यात सोडतात. पोकळ, किडकी आणि अर्धी वाळलेली फळे तरंगतात. ती वेगळी काढतात. यंत्र साल सोलते, आणि बुळबुळीत थर लागलेल्या बिया हौदात जमा होतात.

या थरात पेक्टिन असते. ते पाण्याने धुतले जात नाही. हौदात नैसर्गिकपणे असणारे किण्व आणि जीवाणू, तसेच फळातील विकरे त्याचे विघटन करतात, आणि अरेबिकाच्या बाबतीत या किण्वनास साधारण २४ ते ३६ तास लागतात. थंडी अधिक असली तर अधिक. किती तास पुरेत, हे घड्याळावरून ठरत नाही. मळ्यातील जाणता माणूस हौदातील मूठभर बिया धुऊन तळहातांत चोळतो. बुळबुळीतपणा जाऊन नदीतील बारीक खड्यांसारखा करकर आवाज आला की थर सुटला. मग लगेच धुवावे. आणखी काही तास विसर पडला तर आंबण्याची क्रिया बीच्या आत पोहोचते आणि कुजकट वास येतो. असा बिघडलेला थोडासा माल चांगल्या पोत्यात मिसळला, तरी तो दुर्गंध पेल्यात स्पष्ट जाणवतो. मळ्याच्या वर्षातील ही सर्वांत धोक्याची रात्र होय. हौद एकच, त्यात सहाशे-सातशे किलो फळांचा माल. जानेवारीतील एखाद्या पहाटे डोळा लागला तर तेवढ्या मालाची प्रत साध्या मालाहूनही खाली जाते.

यानंतर वाळवण. धुतलेल्या पार्चमेंटमध्ये निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. ते दहा-अकरा टक्क्यांवर आणावयाचे असते. त्यास आठ-दहा दिवस लागतात. सिमेंटच्या किंवा फरशीच्या खळ्यावर, अथवा जाळीच्या उंच मांडवांवर माल पातळ पसरतात, दिवसातून अनेकदा वरखाली करतात, आणि सूर्यास्तापूर्वी झाकतात. दव लागले की पुन्हा ओलावा शिरतो. फार झपाट्याने वाळविल्यास आवरण तडकते व आत पाणी कोंडून राहते. फार रेंगाळल्यास बुरशी धरते. काही बुरशींपासून ऑक्रॅटॉक्सिनसारखे विषारी द्रव्य निर्माण होते, म्हणून हा प्रश्न निव्वळ चवीचा नाही. या दिवसांत अवेळी आभाळ भरून आले की घरातील लहानथोर सारे खळ्यावर धावतात. कोकणात वाळत घातलेल्या भातावर किंवा नाशिककडे द्राक्षांवर पाऊस येण्याची धास्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

फळ न सोलता तसेच वाळविण्याचीही जुनी रीत आहे. तिला दुप्पट दिवस लागतात, पाणी मात्र फार थोडे लागते, आणि गराच्या सहवासात वाळल्याने कॉफीस फळांची गोडसर चव येते. एकाच मळ्यातील, एकाच दिवशी खुडलेली फळे दोन निरनिराळ्या रीतींनी वाळविली, तर परीक्षकास ती दोन गावची वाटू शकतात. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे बरेचसे मिळते: मळ्याची चव म्हणजे मातीतून आपोआप वर येणारा गुण नव्हे. उंची, सावली आणि जात यांनी जे शक्य केले, त्यातले किती टिकवावयाचे, हे टोपली, हौद आणि खळे यांच्यापाशी ठरते.

पोत्यावरचे नाव

पण एवढ्या काळजीने तयार केलेला माल पुढे दुसऱ्यांच्या मालात मिसळला गेला तर? भारतात बराच काळ नेमके हेच घडत होते, आणि तेही कायद्यानेच. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपातील बाजारपेठ तुटली, भाव कोसळले, आणि मळेवाल्यांस आधार देण्यासाठी १९४२ च्या कायद्यान्वये सामायिक विक्रीची योजना पक्की झाली. घरच्या वापरापुरती व बियाण्यापुरती कॉफी सोडून सारा माल कॉफी मंडळाकडे जमा करावयाचा. मंडळाने प्रतवारी करून तो लिलावाने विकावयाचा आणि त्याचे पैसे उत्पादकांस हप्त्याहप्त्याने द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. तिने लहान मळेवाल्यांस संकटकाळी तारले, हे मान्य केले पाहिजे. पाच एकरवाल्यास लंडनच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करावी लागत नव्हती. परंतु हप्ते येण्यास विलंब होई. आणि प्रतीप्रमाणे दरात फरक केला जात असला, तरी पोते मंडळाच्या गोदामात शिरले की त्यावरचे नाव पुसले जाई. शेजाऱ्याहून चार फेऱ्या अधिक घालून खुडणाऱ्यास त्या चौथ्या फेरीचे मोल मिळण्याची शक्यता फारशी नव्हती.

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोट्याची व्यवस्था मोडली, १९९१ मध्ये सोव्हिएट संघ हा मोठा गिऱ्हाईक नाहीसा झाला, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने उत्पादकांस स्वतःचा माल विकण्याची मोकळीक मिळत गेली. १९९६ मध्ये सामायिक विक्रीची सक्ती पूर्णपणे संपली. पुडीवर मळ्याचे नाव येऊ शकते ते त्यामुळे. २०१९ मध्ये बाबाबुडनगिरी अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू खोऱ्यातील अरेबिका या पाच कॉफींस भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन प्रदेशाच्या नावाचे रक्षण करते; एकेका मळ्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

आणि ते सोपे नाही. नऊशे किलो माल हा गिरणीच्या दृष्टीने किरकोळ असतो. पार्चमेंटचे आवरण काढून बिया चाळण्यासाठी माल गिरणीत न्यावा लागतो. यंत्र आधी नीट स्वच्छ केले नाही तर दुसऱ्याच्या मालाचे दाणे त्यात मिसळतात, आणि आठ महिन्यांचे वेगळेपण तासाभरात जाते. नमुने पाठविणे, खरेदीदार शोधणे आणि पैसे येईपर्यंत थांबणे हे सारे त्या कुटुंबावर येते. सामायिक पद्धतीत नाव नव्हते, पण जोखीम वाटून घेतलेली होती. आता नाव आहे, आणि जोखीमही एकट्याची आहे.

भावाचाही एक विचित्र खेळ आहे. अरेबिकाचा सर्वसाधारण दर न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ठरतो. ब्राझीलमध्ये कडाक्याचे धुके-हिम पडले की चिकमगळूरमध्ये दर चढतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पौंडास चार डॉलरांच्याही वर गेला होता. अशा वेळी ओरबाडून तोडलेल्या मालासही भरघोस पैसे मिळतात, आणि निवडक तोडणीसाठी मिळणारा जादा दर त्यामानाने किरकोळ वाटू लागतो. तेजीच्या वर्षी काळजी घेणे परवडत नाही आणि मंदीच्या वर्षी तीच काळजी मळा वाचविते, असा हा उलटा हिशेब आहे. लहान मळेवाल्यास तो दर वर्षी तोडणीच्या आधीच, भाव ठाऊक नसताना, मांडावा लागतो.

चवीची परीक्षा

‘विशेष प्रतीची कॉफी’ ही संज्ञा १९७४ मध्ये एर्ना नुट्सन या अमेरिकेतील कॉफीच्या व्यापार करणाऱ्या बाईंनी एका व्यापारी मासिकातून रूढ केली. विशिष्ट भूभागाच्या हवामानातून विशिष्ट चवीची कॉफी निपजते, अशी त्यांची धारणा होती. पुढे शंभर गुणांची पट्टी प्रचारात आली, आणि ऐंशी किंवा अधिक गुण मिळविणारी कॉफी या वर्गात धरण्याचा प्रघात पडला. परीक्षेची रीत साधी असते. नमुना हलकासा भाजतात, कारण फार काळा भाजला की सर्व मळ्यांची चव सारखीच, म्हणजे भाजण्याची, होऊन बसते. दीडशे मिलिलिटर पाण्यास सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, पाणी उकळीच्या किंचित खाली. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने फोडून वास घेतात. मग निवत जाणारी कॉफी चमच्याने जोराने ओढून जिभेवर व नाकाच्या मागच्या भागात पसरवितात. पाच पेले एकाच नमुन्याचे मांडतात. त्यांतील एक जरी निराळा लागला तरी गुण कमी होतात. हौदाशेजारी डोळा लागला होता, हे त्या एका पेल्यावरून कळते.

शाळेतही असा एक प्रयोग करून पाहता येईल. दोन निरनिराळ्या मळ्यांची, पण सारख्याच प्रमाणात भाजलेली कॉफी घ्यावी. एक पुडी साध्या मिश्रणाची असली तरी चालेल, मात्र तीत चिकोरी नसावी. दोन्ही सारख्याच वजनाची, सारख्याच भरड दळलेली असावी व दूध-साखर घालू नये. तीन पेले भरावेत: दोहोंत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. कोणते दोन सारखे आहेत हे चाखणाऱ्यास सांगावयाचे नाही; निराळा पेला कोणता, एवढेच त्याने ओळखावयाचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल. म्हणून एकाच्या यशावरून काही ठरत नाही. पाच जणांनी, एकमेकांशी न बोलता, पाचही वेळा निराळा पेला अचूक ओळखला, तर केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता २४३ मध्ये एक इतकीच असते.

पेले गरम असताना फरक फारसा कळत नाही. कोमट झाल्यावर तो स्पष्ट होतो, तेव्हा घाई करू नये. घोट लहान घ्यावेत. खुणा पेल्यांच्या तळाशी लिहाव्यात, आणि रंगात फरक दिसत असेल तर चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधावा.